उकिरड्यातली चांदी

शैले, आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. तुझ्या पिंपात ते पैंजण मीच टाकले होते. हे तुला माहीत आहे, घराला माहीत आहे, अर्ध्या पाटोद्याला माहीत आहे. पण का टाकले, ते मात्र इतकी वर्षं मी अर्धवटच सांगत आले. घाबरून टाकले, असं सांगायची. घाबरले होतेच. पण खरं कारण त्याहून येडेपणाचं आहे. मला वाटलं होतं, ते साखरेसारखे विरघळतील.

हस आता. हसून घे. तू नाहीस म्हणून दोघींचं मीच हसते आहे, आणि भेटायला येणाऱ्या बायकांची पंचाईत होते आहे. चेहरा पाडून आत यायचं, "लई वाईट झालं बगा" म्हणायचं, आणि समोर ही म्हातारी पदरात तोंड खुपसून गदगदा हलते आहे. त्यांना वाटतं, रडते आहे. वाटू दे. रडतेही मी, पण त्याला वेळकाळ नाही. चहात साखर घालताना येतं.

तू या घरात आलीस तेव्हा पाटोद्यात सगळंच नवंनवं होतं. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले होते, धाब्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि ज्याला त्याला कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर चिकटवायला पासपोर्ट साइज फोटो लागत होता. आमच्या ह्यांच्या स्टुडिओची त्यामुळे चंगळ होती. रस्त्याला लागून मामंजींचं किराणा दुकान, त्याला चिकटून स्टुडिओ, मागं आपल्या खोल्या, त्यामागं परस. परसात गाय, उकिरडा आणि आड. या सगळ्यात उदगीरहून आलेली बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली धाकटी जाऊ. आणि मॅट्रिकला गटांगळी खाल्लेली मी, थोरली.

मी तेव्हा कशी होते! कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायची. किल्ल्या कशाच्या, तर एक मागच्या शेडची आणि बाकीच्या हरवलेल्या कुलपांच्या. पायात लग्नातले घुंगरांचे पैंजण. ते वाजले की घर दचकतं, असा माझा समज. प्रत्यक्षात मांजरसुद्धा उठत नव्हतं. तुझं नाव मी आल्या आल्या 'डिगरी' ठेवलं. "डिगरीला म्हणावं, दूध उतू चाललंय." आणि तू, तोंड वर करून, "अक्का, उतू जाण्याचं कारण सांगू का?" म्हणायचीस. कारण सांगेस्तोवर दूध चुलीत.

मग आडातले मासे मेले.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून आडात सोडलेले ते मासे. एका सकाळी सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कोंडाबाई धनगरीण आपल्या आडावरच्या दगडी हाळात रोज मेंढरं पाण्यावर आणायची, ती तरातरा दुकानात आली. "अण्णा, तुमच्या पाण्याला कावून मेंढरं तोंड लावंनात?" मामंजींनी मला विचारलं. मी आमच्या ह्यांना विचारलं. हे म्हणाले, उन्हाळा आहे. तू मात्र कुणाला काही न विचारता डार्करूमच्या मोरीपाशी बसलीस, वास घेतलास, आणि मोरीचं पाणी जातं कुठं ते बघत बघत नालीच्या कडेनं चालत आडाशी येऊन थांबलीस. डोक्यावरचा पदर खाली पडलेला. मी डोळे वटारले, तर तुझं लक्षच नाही.

"दादा, फोटो धुतल्यावर हायपो कुठं टाकता?" तू ह्यांना विचारलंस.

"मोरीत. मग काय पिऊ?"

"तुमी कावून पिताल. तुमच्यासाठी मेंढरं हायेत की."

थोरल्या दिराला असं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वरवर मी तुला रागावले. आतून मला इतका आनंद झाला होता की चुलीपाशी जाऊन मी एकटीच ते वाक्य तीनतीनदा म्हणून बघितलं. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

त्या दुपारी तू मला बादलीपाशी बसवून शिकवलंस. फिल्मवर चांदीचा थर असतो. जिथं उजेड पडतो तिथली चांदी फिल्मवर राहते, तिचाच फोटो होतो. जिथं पडत नाही तिथली चांदी धुताना हायपोच्या पाण्यात विरघळून जाते. तेच पाणी आपण ओततो आणि त्यानंच मासे मरतात. "म्हंजी बग अक्का, फोटोत जे आलं न्हाई ते समदं ह्या बादलीत हाय."

मी वाकून बघितलं. पिवळट पाणी, आंबूस वास, आणि त्यात माझं तोंड.

"हितं तर मीच हाय."

"मग चांदीच हाय की," तू म्हणालीस.

मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी घरात असा वास सुटला की माझी हवा उतरली. तू कसलीशी पिवळी खडे-पूड आणून हायपोत टाकली होतीस, चांदी तळाला बसावी म्हणून. चांदी बसली का ते शिवाला माहीत, पण सबंध घराला सडक्या अंड्यांचा वास सुटला. आणि घर कुणाचं? अंड्याचं नाव घेतलं तरी चूळ भरणाऱ्या मामंजींचं! पूजा अर्धी टाकून, कपाळावर ओलं भस्म, ते बाहेर आले. "अंडी कोण उकडतंय? लिंगायताच्या घरात?" शेजारी कुंपणावरून माना काढून. मी पटकन तुझ्याकडं बोट दाखवलं. अशी मी शूर!

"अंडी न्हाईत मामंजी, वायू हाय," तू नाकाला पदर लावून म्हणालीस. "आणि चुकलंच माझं. हा वायू जिवाला वाईट. ही रीत बंद. दुसऱ्या रीतीनं काढते."

"काय काढतीस?"

"चांदी."

 मामंजींच्या गळ्यात लिंगाची पितळेची डबी होती. चांदीची करू, करू म्हणत राहून गेलेली. ती त्यांनी मुठीत धरली आणि म्हणाले, "दसऱ्याला सारं गाव आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतंय. त्या दिवशी तू मला खरी चांदी दाव. ह्या डबीपुरती. दावलीस तर मागचं पत्र्याचं शेड तुझं, हवं ते कर. न्हाई दावलीस तर पिंप उचलायचं, मोरी पहिल्यासारखी वाहू द्यायची, आणि मुकाट भाकरी थापायच्या. गावात हसू झालं ते बास."

त्या शेडवर तुझं काय काय अडकलंय ते मला नंतर कळलं. बीडच्या एका एक्स-रेवाल्या डॉक्टरांशी, इकडच्या तिकडच्या स्टुडिओवाल्यांशी तू आधीच बोलून ठेवलं होतंस. सगळ्यांचं ते पाणी कुठल्या ना कुठल्या आडात, नदीत चाललंच होतं. ते सगळं गोळा करायचं, चांदी काढायची, उरलेलं पाणी निवळून शेडमागच्या सिमेंटच्या टाकीत उन्हानं आटवायचं. "आपल्या बीडात दुसरं काय फुकट मिळतंय अक्का? ऊनच की." हे बोलताना तू अशी चमकायचीस की मला तुझा हेवा वाटायचा. मला आयुष्यात कशाचंच इतकं वेड लागलं नव्हतं. किल्ल्यांचंसुद्धा नाही.

दुसरी रीत भलतीच साधी निघाली. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात हायपो, आणि त्यात लेथवाल्याकडून आणलेला लोखंडाचा कीस. "लोखंड पाण्यात जातं आणि चांदी पाण्यातनं भाईर येती. जागा बदलून घेतेत."

"सवती म्हण की."

"सवती भांडतेत. ह्या न्हाई भांडत," तू म्हणालीस. "जावा म्हण."

महिनोन्‌महिने पिंपाच्या तळाला काळा गाळ साचत गेला. काजळीहून काळा. मी विचारायची, "चांदी कुठाय?" तू म्हणायचीस, "भट्टीत घातल्याशिवाय तोंड दावायची न्हाई." उन्हाळ्यात मामंजी दुकानाच्या पायरीवरून पडले, मनगट मोडलं, बीडला एक्स-रे काढला. तू डॉक्टरांकडून त्या दिवसाचं पाणीही कॅनमध्ये घेऊन आलीस. माणसं दवाखान्यातून मोसंबी आणतात, तू हायपो आणलास.

आता माझ्या पराक्रमाकडं येते.

घटस्थापनेच्या आधी आपल्याकडं दसरा काढतात. घरातली एकूण एक वाकळ, डबा, भांडं धुवून, घासून उन्हात. दसरा काढण्यात माझा हात धरणारी पाटोद्यात नव्हती, असं मीच सगळ्यांना सांगायची. तू कॅन आणायला बीडला गेली होतीस. मी सगळं घर धुतलं, गोठा धुतला, आणि माझी नजर निळ्या पिंपावर गेली. मनात म्हटलं, बिचारी पोर, तिला कुठं वेळ मिळतो. वरचं पाणी मी शहाण्यासारखं दुसऱ्या पिंपात काढून ठेवलं, कारण चांदी पाण्यात असते हे मला पाठ होतं! आणि तळाचा तो सगळा काळा गिलावा खरवडून, घमेल्यात भरून, नेऊन टाकला उकिरड्यावर. पिंप राखेनं घासलं. असं लख्ख केलं की त्यात तोंड दिसावं.

संध्याकाळी तू एसटीतून उतरलीस. हातपाय धुतानाच म्हणालीस, "अक्का, चांदी तयार झाली. तो काळा गाळ हाय ना, तीच. आता फक्त वाळवायचा आणि सोनाराकडं द्यायचा."

मी वळून उकिरड्याकडं बघितलं.

त्याच वेळी सांगितलं असतं तर? नाही सांगितलं. किल्ल्यांच्या जुडग्याला कमीपणा आला असता ना. तू स्वयंपाकात अडकलीस तशी मी चुलीच्या भोकाड्यातली काजळी खरवडली, तव्याची काढली, काळी माती कालवली, आणि ते सगळं पिंपात ओतलं. दिसायला हुबेहूब. पण यात चांदी कुठंय? तेव्हा मला ते आठवलं: हायपोत चांदी विरघळते. मी पायातले पैंजण काढले, पिंपात टाकले, वरून काढून ठेवलेलं पाणी ओतलं, आणि काठीनं ढवळलं. चहात साखर ढवळावी तसं. शिवाचं नाव घेतलं. तुझं केमिस्ट्रीचं सगळं पुस्तक मी एका संध्याकाळी वापरलं होतं.

मग दसरा उजाडला. गंगाधर सोनार शेगडी, भाता, चांदी वितळवायची मूस घेऊन अंगणात बसला. मामंजी खुर्चीवर, आमचे हे दारात, तुझा नवरा तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. मी पाऊल दिसू नये म्हणून साडी जमिनीवर लोळेल अशी नेसले होते. तू फडक्यातून गाळ गाळायला घेतलास. सोनारानं बोटानं चाचपलं, थांबला, परत चाचपलं.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्याला घुंगरू हायेत."

कुणाला काही कळेना. त्यानं बोटांत धरून वर काढलं. काळं कुळकुळीत, पण सबंध पैंजण. हलवलं तर वाजलंसुद्धा, मेलं.

मामंजी म्हणाले, "हायपोतनं पैंजण? डिगरी लई भारी हाय बाबा. पुढच्या दसऱ्याला कमरपट्टा काढती का?"

सगळे हसले. तू नाही हसलीस. तुझं तोंड पांढरंफटक पडलं, शैले, ते मी अजून विसरले नाही. सगळ्यांना वाटत होतं, फसवायला तूच टाकलेत. इतक्या महिन्यांचं काम, आणि तू क्षणात लबाड ठरली होतीस. तू हळूच माझ्या साडीच्या काठाकडं बघितलंस. मग माझ्या तोंडाकडं.

"अक्का," तू म्हणालीस, अगदी हळू, "माझा गाळ कुठाय?"

"उकिरड्यात."

मला वाटलं, आता ही रडणार, किंवा मारणार. तू खाली बसलीस आणि हसायला लागलीस. हसता हसता पोट धरलंस. "ढवळलं बी असंल काठीनं," तू म्हणालीस, आणि मी मान हलवली, तशी तू जमिनीवर आडवी व्हायची बाकी राहिलीस. मग एकदम उठलीस, पदर खोचलास, आणि म्हणालीस, "चला की मग! शेणात पडली म्हणून चांदीचं काय बिघडतंय?"

त्या साली सगळ्या पाटोद्यानं शिवेपलीकडं जाऊन सीमोल्लंघन केलं. आपण उकिरड्यापर्यंत गेलो. मी कुठं ओतलं ते दाखवत होते, "हितं... न्हाई, तितं... न्हाई, थांब, तवा गाय हिकडं बांधलेली होती..." आणि तुम्ही सगळे शेण, पाचट, राख घमेल्याघमेल्यानं बाजूला करत होता. कोंडाबाई मेंढरं घेऊन आली, बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "वाण्यांनी दसऱ्याचं सोनं हितं पुरलंय का काय?" मग तीही काठी टाकून खाली बसली.

शेणाच्या थराखाली तो काळा पट्टा दिसला तेव्हा तू अशी ओरडलीस की दुकानातलं गिऱ्हाईक आत धावत आलं.

काळं, शेणानं माखलेलं ते सगळं आपण पत्र्यावर उन्हात पसरलं. वाळेपर्यंत मामंजी हातात काठी घेऊन राखणीला बसले. कोंबडी आली की "हाड!" शेळी आली की "हाड!" मी आले की जास्तच जोरात "हाड!" शेवटी ते पेटवलं. मला धास्ती, चांदीही जळून जाईल. सोनारानं मला समजावलं, "वहिनी, आमच्या दुकानाचा केर बी आमी असाच जाळतो. चांदी कुठं जात न्हाई." उरलेली राख मुशीत गेली, वरून मळ सुटायला सवागी, आणि भाता सुरू.

 मुशीत आधी नुसता लाल चिखल. मग वर काचेसारखी मळी आली. सोनारानं मूस वाकडी केली, मळी बाजूला सरली, आणि तळाशी काहीतरी असं लख्खकन फिरलं, जसं पाण्यात माशाचं पोट फिरतं. पांढरं, पातळ, जिवंत. तू माझा दंड इतका घट्ट धरला होतास की चार बोटं उठली होती. मला दंड सोडवून घ्यावा असंही वाटलं नाही. थंड झाल्यावर सुपारीएवढी गोळी सोनारानं मामंजींच्या तळहातावर ठेवली.

मामंजींनी ती उलटीसुलटी करून बघितली. तुझा जीव टांगणीला. शेवटी आमचे हेच म्हणाले, "पण अण्णा, हीच कशावरनं खरी? त्या पिंपात पैंजण निघालेच की."

"येडा हायस," मामंजी म्हणाले. "पिंपात कुणी बी पैंजण टाकंल. उकिरड्यात कोण टाकंल? हितली चांदी हिचीच."

शैले, तीस वर्षं मी या एका वाक्यावर जगले. तुझी चांदी खरी ठरली ती माझ्या मूर्खपणामुळं! मी नीट वागले असते, तर कुणीतरी म्हणालंच असतं की सुनेनं हातचलाखी केली. हे मी तुला ऐकवलं की तू म्हणायचीस, "व्हय अक्का, शेडच्या दारावर तुझाच फोटो लावू."

डबीचा प्रश्न उरला. हे पुटपुटले, उकिरड्यातली चांदी लिंगाला कशी चालेल? तू उत्तर तयार ठेवलं होतंस, सोवळंओवळं, विटाळ, सूतक आपल्यात मानत नाहीत असं मोठं भाषण. ते तुला करूच दिलं नाही मामंजींनी. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात माझ्या मनगटाचं पाणी बी होतं का?"

"होतं. एक्स-रेत हाड पांढरं दिसतंय ना, तिथली चांदी उतरून पाण्यात येती."

"म्हंजी माझ्याच हाडाची हाय," ते म्हणाले, आणि गोळी सोनाराला परत दिली. "डबी कर. आणि पोरी, शेडची किल्ली थोरलीकडनं घे."

माझ्या जुडग्यातली एकुलती एक कामाची किल्ली अशी गेली. आनंदानं दिली. मग तुझ्यामागं हातमोजे घालून मीच पिंपं ढवळायला लागले. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा धुतल्या, निळ्या काचेसारखे पापुद्रे दोरीवर वाळत घातले. चुन्यानं पाणी निवळायला शिकले. तू निवळलेलं पाणीसुद्धा आडाकडं जाऊ द्यायची नाहीस. टाकीत आटल्यावर उरलेलं मीठ डब्यांत बंद करून ठेवायचीस. मी चिडायचे. "चांदी काढली ना? मग ह्या मिठाचं कशाला लोणचं घालतीस?" तू म्हणायचीस, "चांदी काढली की काम अर्धं झालं अक्का. उरलेल्याला जागा लावली की पुरं." पुढं पुष्कळ वर्षांनी अशा डब्यांसाठी रीतसर जागा निघाली, तेव्हा तू ते डबे ट्रकमध्ये चढवलेस, लेक सासरी धाडावी तसे.

मोठं भांडण मात्र आपलं मिटलंच नाही. माझं म्हणणं, उकिरड्यातली सगळी चांदी निघाली. तुझं म्हणणं, निम्मी खतातून शेतात गेली. प्रत्येक वांग्याच्या भाजीला तू घास तोंडात घालून थांबायचीस, डोळे मिटायचीस, "आली बग, चांदी आली." सगळी पोरं हसायची. मला राग यायचा. आता सांगते, तूच बरोबर होतीस. थोडी राहिलीच असणार. कारण पिंप घासलं त्या दिवशी एक घमेलं मी परस्पर खताच्या गाडीत ओतलं होतं. ते मी भीतीपोटी दाखवलंच नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं. हेही तुला सांगून टाकलं असतं, तर भांडायला काय उरलं असतं?

मामंजी गेले तेव्हा तू लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलंस आणि डबी काढून घेतलीस. कुणीतरी म्हणालं, राहू द्या ना त्यांच्याजवळ, त्यांची लाडकी होती. तू म्हणालीस, "चांदी पुरायची न्हाई. तेच म्हणाले असते." डबी अजून देव्हाऱ्यात आहे. मग फोटो कॉम्प्युटरवर आले, हायपोचं पाणी थांबलं, शेड रिकामं झालं. मला वाईट वाटत होतं. तू खुशीत होतीस. "आपलं काम संपलं म्हंजी आड वाचला की गं!" आडात तू पुन्हा मासे सोडलेस. ते अजून आहेत. आज सकाळी मी वाकून बघितले, तुझ्यासाठी.

दवाखान्यात तुझा एक्स-रे काढला, तो पडद्यावरच दिसला. डॉक्टर गंभीर तोंड करून काहीतरी दाखवत होते. मला काही ऐकू येत नव्हतं, कानांत नुसता भाता चालू होता. तू मान उचलून बघितलंस, आणि मला कोपरानं ढोसलंस. "अक्का, बग की. कोरडा एक्स-रे. एक थेंब पाणी न्हाई!" तुझ्या आवाजात तोच आनंद, बादलीपाशी बसवून शिकवलंस त्या दुपारचा. डॉक्टरांना वाटलं, पेशंटला कळलं नाही काय झालंय. तुला सगळं कळलं होतं. मला कळायला वेळ लागला, नेहमीसारखा.

परवा तुला न्यायच्या आधी मी पेटीतून ते पैंजण काढले. तू घासून परत दिले होतेस, पण मी ते पुन्हा घातले नव्हते. त्यातलं एक घुंगरू तोडून पदराच्या गाठीत बांधलं. मनात होतं, तुला मातीत बसवतील, तळहातावर लिंग ठेवतील, बेल वाहतील, तेवढ्या गर्दीत हळूच तुझ्या मांडीशी टाकून देईन. वाजत बसलं असतं तुझ्यापाशी. जमिनीला हात टेकवत मी खड्ड्याच्या कडेला पोचले, गाठ सोडायला लागले, आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. तुझी लेक मुक्ता होती. डोळे सुजलेले, पण तोंडावर थेट तुझं हसू. माझ्या मुठीवर स्वतःची मूठ मिटून ती कानाशी म्हणाली:

"मोठी आई, आईनं बजावून ठेवलंय. म्हणाली, अक्का पदराला चांदीचं कायतरी बांधून आणंल आणि गुपचूप मातीत टाकाया बघंल. टाकू द्यायचं न्हाई. तिला म्हणावं, एकदा टाकलीस तेवढी बास. आता काढायला मी यायची न्हाई."